कोकरांना आडोसा कुणी द्यायचा?

गारपीट झाली की शहाणी माणसं धनगराला शेड बांधायला सांगतात. अहो, ज्याचं बिऱ्हाड घोड्यावर, जो दोन-चार रात्रींनी रान बदलतो, त्यानं शेड बांधायचं कुठं? तुमच्या डोक्यावर?

शिमगा ते पाडवा हा काळच वंगाळ. दुपारी ऊन चटके देतं अन् संध्याकाळी आभाळ फुटतं. मोठी मेंढी लोकरीच्या जोरावर तग धरते. चार दिवसांच्या कोकराच्या अंगावर लोकर ती किती? गार डोक्यात बसली नाही तरी भिजल्या अंगाला वारं झोंबलं की ते गारठतं, पिणं सोडतं, सकाळी ताठ झालेलं सापडतं. उपाय साधाच. गोणपाटानं खसाखसा पुसायचं, कोरड्या कडब्यावर ठेवायचं, आईला पाजायचं. नुकतं जन्मलेलं असेल तर चीक लगेच पोटात जायला हवा. पण हे सगळं छपराखाली. वाघरीच्या जाळीनं लांडगा अडतो, पाऊस नाही.

छप्पर गावाकडं आहे. लेंडीखतासाठी मेंढ्या रानात बसवतो आपणच, त्यातही पायलीपायलीवर घासाघीस. वीज कडाडली की मात्र पुष्कळांच्या गोठ्याला आतून कडी! २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात गारांनी गहू, द्राक्षं झोडपली, तेव्हा सगळे पंचनाम्यासाठी तलाठ्यामागं. बांधावर मेलेल्या कोकराचा सातबारा कुणाच्या नावावर?

मेंढरू जिथं मेलं तिथंच पंचनामा व्हावा, मालक परगावचा असला तरी. आणि खत घेणाऱ्यानं सौदा ठरवतानाच गोठ्याचा कोपरा कबूल करावा. दोन बैल जरा सरकवले की वीस-पंचवीस कोकरं आरामात मावतात.