इग्वाना हवाय? आधी कपाटाएवढी जागा दाखवा

मित्राच्या रूमवर इग्वाना आलाय. वीतभर, हिरवागार, माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत बसलेला. रीलला लाइक्स भरपूर. पण हेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच फुटांचं होणार आणि नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं जगणार. तोवर आपण कुठल्या शहरात असू, माहितीये का कुणाला?

हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडांवर राहणारा प्राणी. त्याला चढायला उंची लागते. मोठा झाला की सहा फूट उंच आणि जवळपास तितकाच रुंद पिंजरा, जाड फांद्या, दमट हवा हवी. एका बाजूला ३५ अंशांच्या आसपास ऊब, दुसरीकडे सावली.

‘खिडकीतून ऊन येतं ना!’ मित्र म्हणाला. येतं, पण यूव्हीबी किरण काचेतच अडतात. ते नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. जबडा सुजतो, पाय वाकतात. त्यासाठी खास बल्ब लागतो आणि तो पेटत असला तरी काही महिन्यांनी बदलावा लागतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री उबेची सोय वेगळी. लाइट गेली तर? आणि घरमालक?

२०२४च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. विकणारा यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे : पिंजरा आधी, पिल्लू नंतर. मित्र काल सुताराकडे जाऊन आला. पिंजरा इग्वानापेक्षा महाग पडतोय.