वसलेल्या वस्तीत घर घ्यावे का? एका उपनगराच्या इतिहासाकडून मिळालेले उत्तर

१/२२
गेल्या वर्षी आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर रोज एकच वाद होई. कर्ज काढून घर घ्यायचे, हे ठरले होते; कोठे, हे ठरत नव्हते. एका बाजूला विलेपार्ले पूर्वेतील जुन्या सोसायटीतला, लिफ्ट नसलेला, दोन खोल्यांचा ब्लॉक. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पैशांत कल्याणच्या पलीकडे नव्या संकुलात प्रशस्त तीन खोल्या, तरणतलाव आणि व्यायामशाळा.

२/२२
आईचे मत ठाम होते : "वसलेल्या वस्तीत घ्या. शाळा, दवाखाना, बाजार, सगळे हाकेच्या अंतरावर." मला प्रश्न पडला, वस्ती वसते म्हणजे नेमके काय होते? कोण वसवतो, किती वर्षे लागतात? हा धागा त्या शोधाचा आहे. माझे मत आरंभीच सांगतो : आईचा सल्ला योग्य होता, पण त्याचे खरे कारण अंतरात नाही, इतिहासात आहे.

३/२२
आरंभ सप्टेंबर १८९६ पासून करू. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. दाटीच्या चाळी, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे यांतून साथ पसरली. लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. मुंबई राहण्याजोगी कशी करावी, हा प्रश्न सरकारला आता टाळता येईना.

४/२२
१८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याची दोन मुख्य कामे : दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणे आणि बेटाच्या उत्तरेला नवी जमीन राहण्यासाठी खुली करणे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही पहिल्या कामाची फळे. दादर, माटुंगा आणि शीव येथील आखीव वसाहती ही दुसऱ्याची.

५/२२
आज ज्यांना आपण 'जुनी, प्रतिष्ठित वस्ती' म्हणतो त्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स या जागी त्या काळी भातशेती, वाड्या आणि लहान गावे होती. त्या जमिनी संपादन करून भूखंड पाडले गेले. प्रत्येक वसलेली वस्ती कोणाच्या तरी उठलेल्या शेतावर उभी असते. घराच्या जाहिरातीत हे कधी छापले जात नाही. इतिहासाच्या वाचकाने मात्र विसरू नये.

६/२२
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कागदावर आलेली ही योजना प्रत्यक्षात उतरायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. जमिनीचा ताबा, भराव, गटारे, रस्ते, मध्येच पहिले महायुद्ध. घरे मोठ्या संख्येने उभी राहिली ती मुख्यतः १९२० नंतर. म्हणजे ज्या पहिल्या कुटुंबांनी तेथे बिऱ्हाड हलवले, त्यांच्या दृष्टीने दादर-माटुंगा हे आजच्या 'कल्याणच्या पलीकडे'सारखेच होते.

७/२२
मंचरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधील अभियंते. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी त्यांनी १०३ भूखंड राखून मिळवले. रस्त्याकडेला कोणती झाडे लावायची, इथपर्यंत त्यांनी आखणी केली. आज त्या झाडांखालून चालताना आपण सावलीचे कौतुक करतो. रोप लावणाऱ्याला मात्र ती सावली दोन-तीन दशके उधार ठेवावी लागली होती.

८/२२
ट्रस्टच्या डोळ्यांसमोर बागा आणि बंगल्यांचे उपनगर होते. कारकुनाच्या पगारात बंगला बसेना. मग उभ्या राहिल्या तीनमजली इमारती आणि त्यांत स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप असलेली बिऱ्हाडे. मराठी माणसाने त्याला नाव दिले 'ब्लॉक'. चाळीतल्या सामाईक संडासाकडून घरातल्या संडासाकडे येणे सोवळ्या कुटुंबांना सोपे गेले नाही. आज ज्याला आपण साधी सोय म्हणतो, तो त्या पिढीचा सांस्कृतिक निर्णय होता.

९/२२
एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून उभारावे, हा विचारही याच काळातला. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, रावबहादूर एस. एस. तालमकी यांचे नाव या चळवळीशी कायमचे जोडले गेले. सभासद हा संस्थेचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू. आज आपण ज्याला निव्वळ 'सोसायटी' म्हणतो, त्या शब्दामागे एवढा मोठा प्रयोग आहे.

१०/२२
या प्रयोगाची सावलीही पाहू. आरंभीच्या अनेक संस्था एका जातीच्या किंवा समाजाच्या होत्या. परस्परांवरील विश्वासामुळे कर्ज आणि वर्गणी सुलभ झाली, पण दारही अरुंद झाले. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. 'चांगली वस्ती' या शब्दांत कोणाला बाहेर ठेवले आहे, हे प्रत्येक खरेदीदाराने स्वतःला विचारावे.

११/२२
आता पार्ल्याकडे येऊ. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. पश्चिमेकडे विरारहून मुंबईला येणारी स्थानिक गाडी १८६७ ची. परंतु उपनगरांचे खरे दार उघडले ते विजेने. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. घराचे अंतर लोक मैलांऐवजी मिनिटांत मोजू लागले. ती सवय आजही सुटलेली नाही.

१२/२२
१९२० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वेळी विलेपार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. हद्दीत आले ते १९५० मध्ये. म्हणजे पहिली तीस वर्षे तेथे जो राहायला गेला, तो शहराच्या सोयी मागे सोडून गेला. 'सगळे हाकेच्या अंतरावर' हे वाक्य त्या पार्लेकराला हास्यास्पद वाटले असते.

१३/२२
त्या लोकांनी काय केले? लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० चे. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. वस्ती विरळ असतानाच त्यांनी शाळा काढली, लोकांना एकत्र बसण्याची जागा केली. शाळा होती म्हणून कुटुंबे आली आणि कुटुंबे आली म्हणून शाळा वाढली.

१४/२२
पु. ल. देशपांडे त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे 'पार्ले म्हणजे संस्कृती' असे समीकरण झाले. पण ती संस्कृती सदनिकेसोबत मिळत नव्हती. संध्याकाळी लोकल पकडून घरी आलेल्या नोकरदारांनी सतरंज्या अंथरून, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरून ती उभी केली. या श्रमाचा हिशेब कोठल्याही दरपत्रकात दिसत नाही; दरात मात्र तो पुरेपूर उतरलेला असतो.

१५/२२
माहीम पार्कचेही तसेच. १९२५ मध्ये खुले झालेले ते मैदान १९२७ मध्ये शिवाजी पार्क झाले, आणि त्या नामांतरामागे नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांचा पुढाकार होता. महापालिकेने मैदान दिले. त्याला ओळख दिली ती भोवतालच्या लोकांनी, सभांनी आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी.

१६/२२
'स्वतःचे घर' ही कल्पना तरी किती जुनी? मुंबईचा मध्यमवर्ग दीर्घकाळ भाड्याने राहत होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे मालकांना परवडेना, पागडी वाढली आणि हळूहळू सदनिका विकण्याची रीत रुजली. तिला शिस्त लावण्यासाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा आला. आजोबांचे 'बिऱ्हाड' आणि आपला 'फ्लॅट' यांत जेमतेम दोन पिढ्यांचे अंतर आहे.

१७/२२
या इतिहासाचा व्यावहारिक परिणाम लक्षात घ्या. कायद्याप्रमाणे बिल्डरने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. अनेक जुन्या सोसायट्यांत ते झालेच नाही. म्हणून पुढे 'मानीव अभिहस्तांतरण' ही तरतूद करावी लागली. प्रतिष्ठित वस्तीतील तुमच्या घराखालची जमीन अजून भलत्याच्याच नावावर असू शकते. मिळकत पत्रिका पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

१८/२२
'पुनर्विकासात मोठे घर मिळेल' या आशेवर जुना ब्लॉक घेणाऱ्यांनाही सावध करतो. पार्ल्यासारख्या विमानतळालगतच्या भागात इमारतीच्या उंचीवर बंधने आहेत. वरचे मजले विकता आले नाहीत, तर पुनर्विकासाचे गणित जुळत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण झाले आहे का, हे विचारा. पार्ल्यात १९२९ साली सुरू झालेला बिस्किटांचा प्रसिद्ध कारखानाही २०१६ मध्ये बंद झाला. वसलेले म्हणजे अढळ नव्हे.

१९/२२
नव्या संकुलाचीही बाजू आहे. २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंद पाहता येते. लिफ्ट, वाहनतळ आणि सांडपाण्याची आधुनिक व्यवस्था मिळते. शिवाय जो आज नव्या वस्तीला 'ओसाड' म्हणून हिणवतो, तो १९२१ मधील पार्ल्यालाही हिणवणारच होता. उणीव घरांची नसते. चार घरे एकत्र येऊन काही उभे करतील, यासाठी लागणाऱ्या वर्षांची असते.

२०/२२
म्हणून माझे मत असे : वसलेल्या वस्तीत आपण पैसे मोजतो ते दुसऱ्यांनी खर्ची घातलेल्या काळाचे. तीन वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांपाशी शाळा उभी राहण्याची वाट पाहायला वीस वर्षे नसतात. त्यांनी तो काळ विकत घ्यावा, त्यात गैर काही नाही. मात्र तो घेऊन नुसते दार लावून बसणे म्हणजे वाडवडिलांची पुंजी खाणे. पाहणीला जाल तेव्हा वाचनालय संध्याकाळी उघडे असते का, मैदान कोणाच्या ताब्यात आहे, सोसायटीच्या वार्षिक सभेला किती जण येतात आणि येथे घर कोणाला नाकारले जाते, हे विचारा. दलाल यातले काही आपणहून सांगत नाही.

२१/२२
आम्ही पार्ल्याचा ब्लॉक घेतला. किंमत नुसती बँकेला मोजत नाही आहोत. वडिलांचे गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावरून ते आठवड्यातून दोनदाच उतरतात आणि खिडकीशी बसून रस्ता पाहतात. मोठ्या घरात त्यांना लिफ्ट मिळाली असती, हे मला रोज दिसते. पहिल्या वार्षिक सभेला सोळांपैकी पाच सभासद आले, मी सोडून सारे साठीच्या पुढचे. त्यांनी चिटणिसाचे दप्तर माझ्यापुढे सरकवले. लिफ्टचा ठराव मांडणे हे माझे पहिले काम. कल्याणच्या पलीकडे घर घेतलेल्या माझ्या मित्राने तिकडे तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत दोन कपाटे लावून वाचनालय सुरू केले आहे. त्याच्या संकुलात सध्या १९२१ साल चालू आहे, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटतो.

२२/२२
वाचकहो, घर घेताना आपण भिंती, नळ आणि पंख्याचे हूक तपासतो. वस्तीचा इतिहासही तपासावा, एवढेच म्हणणे. तुमच्या वस्तीतील सर्वांत जुनी शाळा, वाचनालय किंवा मैदान कोणते? ते कोणत्या साली, कोणी उभे केले? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. ठाणे, डोंबिवली, मुलुंड, पुण्याचे एरंडवणे, मडगाव, कोठलेही चालेल. उत्तरे जमली, तर पुढचा धागा तुमच्या वस्त्यांवर लिहीन.