घरचा बटवा : मुक्या मारावर आंबेहळद

आमच्या माजघराच्या कोनाड्यांत सहाण आणि तिच्याशेजारीं दोन पुरचुंड्या असतात. एकींत आंबेहळदीचें सुकें कांड, दुसरींत रक्तचंदनाचें खोड. पोर कोठें पडलें कीं थोरल्या जाऊबाई न सांगतां उगाळावयास बसतात.

गेल्या वैशाखांत त्या माहेरीं गेल्या होत्या आणि धाकट्या भावोजींचा नऊ वर्षांचा मुलगा जिन्यावरून घसरून उजव्या हातावर पडला. मनगट सुजलें. मीच लेप उगाळला, कढत करून जाड थापला आणि 'दोन दिवसांत उतार पडेल' असें सांगून मोकळी झालें. तिसऱ्या दिवशीं पोरानें डाव्या हातानें जेवावयास घेतलें. सासूबाईंनीं मुकाट्यानें लेप धुतला आणि मनगटाच्या हाडावर एका जागीं बोट दाबलें, पोर किंचाळलें. क्ष-किरण चित्रांत हाडाला चीर निघाली. त्या तांबड्या थराखालीं सूज किती आणि रंग कोणता, हें तीन दिवस कोणीच पाहिलें नव्हतें. चूक सर्वस्वीं माझी.

म्हणून भगिनींनो, सहाणेकडे वळण्यापूर्वीं हाड चांचपून पाहावें. नेमक्या हाडावर दाबतांच असह्य कळ आली, अवयव वांकडा दिसला, किंवा दुखऱ्या पायावर चार पावलेंही टाकवेनात, तर लेप राहूं द्यावा आणि डॉक्टर गांठावा. डोक्यावरचा मार तर घरीं ठेवूंच नये. त्यांतून घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असतील तर विशेषच.

मुका मार म्हणजे कातडी न फाटतां आंतील बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त मांसांत झिरपणें. तें रक्त शरीर आपणच मोडून शोषून घेतें. म्हणून डाग आधीं तांबडा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत मावळतो. पिवळेपणा पाहून 'हळद लागू पडली' म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हें मुळींच पटत नाहीं! लेपाच्या ओलाव्यानें ठणका शमतो हें मात्र खरें. शिवाय तो सुकेपर्यंत पोराला एका जागीं बसावें लागतें. निम्मा गुण या सक्तीच्या विश्रांतीचाच असावा असें मला वाटतें.

पहिले दोन दिवस शेकूं नये, चोळूंही नये. त्यानें आंतला रक्तस्राव आणि सूज वाढण्याचें भय. गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटें ठेवावी, दुखरा भाग उंच ठेवावा, आणि लेप लावणेंच झाल्यास तो न तापवितां लावावा. आंबेहळद कैरीच्या वासावरून ओळखतां येते. रक्तचंदनाला उलट सुवास नसतो. आंध्रांतील शेषाचलमाच्या डोंगरांतलें तें लांकूड पाण्यांत उगाळल्यावर लाल गंध देतें. दोन्ही सारखीं उगाळून पातळ थर द्यावा, अर्ध्या तासानें सुकला कीं भिजवून धुवावा आणि खालची कातडी रोज उजेडांत पाहावी. खरचटलें असेल तेथें लेप नको. खाज सुटली किंवा पुरळ आलें तर पुन्हां लावूं नये.

सूर्यनमस्कारांचा नवा उत्साह किंवा लग्नघरांतील उठाठेव यांनीं अंग आंबतें, तें प्रकरण वेगळें. तें दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेला पोंचतें आणि आपोआप ओसरतें. तेथें ऊब चालते. निर्गुडीचा पाला पाण्यांत उकळून त्यांत फडकें पिळून शेकावें. फडकें आधीं आपल्या मनगटावर लावून पाहावें. बिब्ब्याचें तेल मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घरांत वापरूं नका. त्यानें कातडीला फोड येतात, आणि मूळचें दुखणें राहून त्या फोडांचीच शुश्रूषा करीत बसावें लागतें.