ऐकायला वेळ नाही, ही सबब

‘बाहेर रांग बघा, ऐकत बसायला वेळ कुठाय?’ मिरजेत कुठल्याही ओपीडीत हे उत्तर तयार असतं. रांग खोटी नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं. 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. जत, अथणी, रायबागकडची माणसं आजही दुखणं घेऊन मिरजच गाठतात. पण गर्दी आहे म्हणून ऐकणं परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

म्हणे, पेशंटला बोलू दिलं की तो थांबतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी हे घड्याळ लावून पाहिलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 335 पेशंटना मध्ये न तोडता बोलू दिलं. सरासरी 92 सेकंदांत त्यांचं सांगून झालं. पाच मिनिटांपुढे गेले फक्त सात. आपली माणसं जास्त पाल्हाळ लावतात, असं ज्यांना वाटतं त्यांनीही एकदा घड्याळ लावावं.

म्हणे, आता मशीन सगळं सांगतं. पण कुठलं मशीन लावायचं, हे कोण सांगणार? 1975 साली इंग्लंडमध्ये 80 नव्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात 66 जणांचं निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि पेशंटची हकिगत एवढ्यावरच बरोबर निघालं होतं.

म्हणे, सोबतचा माणूस सांगतोच की. सीमेपलीकडून आलेली, फक्त कानडी बोलणारी आजी डोळ्यांसमोर आणा. मुलगा मराठीत सांगतो, ‘पोटात दुखतंय.’ ती छातीखाली ठेवलेला हात खांद्यापर्यंत नेत काहीतरी सांगत असते. केसपेपरवर उतरतं ‘पोटदुखी’ आणि हातात पडतात ॲसिडिटीच्या गोळ्या. तिचं कुणी नीट ऐकलं असतं, तर आधी ईसीजी निघाला असता.

उपाय महागडे नाहीत. पहिली दोन मिनिटं पेशंटला तोडू नये. तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी. नातेवाइकावर न भागवता कानडी जाणणारी सिस्टर किंवा वॉर्डातला मामा हाताशी ठेवावा. गोळ्या कशा घेणार, हे पेशंटकडूनच वदवून घ्यावं.

डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरणं सरकारचं काम आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण अर्धवट ऐकून घालवलेला पेशंट आठवड्यानं पुन्हा रांगेत येतो, दुखणं वाढवून. ज्या गर्दीची सबब सांगितली जाते, त्या गर्दीत त्याचीही भर असते.