जुनी मराठी मेटलमध्ये का नाही?

भंडाऱ्याजवळच्या वरठीची ओळख पोलादाची: भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा कारखाना. हेवी मेटल संगीतही कारखान्यांच्याच शहरातलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. पुढे त्याने गिटारच्या तारा सैल केल्या आणि ब्लॅक सॅबथचा जड आवाज घडला.

त्याच देशातले आजचे काही ब्लॅक मेटल (मेटलचाच एक उपप्रकार) बँड हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडकडे वळतात. मँचेस्टरच्या ‘विंटरफिलेथ’ने आपलं नाव ऑक्टोबरच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन नावावरून घेतलं, आठव्या शतकात बीड या धर्मपंडिताने ते नोंदवलं होतं. त्यांच्या २०१८ च्या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव नापीक शेत पिकावं म्हणून करायच्या जुन्या इंग्रजी विधीचं आहे. ज्या जुन्या इंग्रजीला पुस्तकांत कोंडलं होतं, तिला या पोरांनी मंचावर आणलं.

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा ताकदीचा अल्बम केला, पण गायला इंग्रजीत. आपल्याकडची जुनी मराठी मात्र अजून वाट पाहते आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात त्यांचे अनुयायी भांडारेकार नीळभट्ट भेटतात, ते या भंडाऱ्याचेच. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरात सिद्ध केलेल्या या ग्रंथातली वाक्यं तुटक, बोलती, ठसकेबाज आहेत. मेटलच्या कर्कश गायकीला अशीच वाक्यं पेलतात. मेटल बँडांची बोधचिन्हं मुद्दाम न वाचता येण्याजोगी काढलेली असतात, तर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत गुप्त ठेवले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते.

यात एक धोका आहे आणि तो टाळता येणार नाही. युरोपात वारशाच्या नावाखाली काही ब्लॅक मेटल बँड उघड वंशद्वेषाकडे गेले. म्हणून कुठला वारसा उचलायचा, हे महत्त्वाचं. जातिभेद नाकारणारा, स्त्रियांना संन्यासाचा हक्क देणारा महानुभाव पंथ त्या द्वेषाच्या विरुद्ध टोकाला उभा आहे. पंथीयांच्या श्रद्धेचा मान राखून, पवित्र वचनं तशीच्या तशी न उचलता, त्या भाषेच्या घडणीत नवी गाणी लिहिता येतील.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही उभं राहतंय. तिथे जाणकारांकडून लीळाचरित्राचं वाचन ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी खुलं ठेवलं, तर नागपूर-भंडाऱ्याच्या तालीमखोल्यांतल्या गायकांना उच्चार थेट तिथून उचलता येतील.