आधी मोजणी, मग मांडणी
सहा रसांतून एक वा अधिक रस घेतल्यास ६३ प्रकार होतात, असे गणित भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त मांडले. एवढी यादी हाताने करता येते. परंतु ३० घटकांच्या सारणीतून १५ निवडावयाचे झाल्यास संचय १५,५१,१७,५२० भरतात. ते सर्व संगणकाच्या स्मृतीत एकदम साठविणे हा निव्वळ अपव्यय होय. पायथॉन भाषेतील ‘कॉम्बिनेशन्स’ हे साधन निवडलेल्या घटकांचे क्रमांक तेवढे ध्यानी ठेवते. उजवीकडून पाहता प्रथम वाढू शकणारा क्रमांक ते एकाने वाढविते, त्यापुढील क्रमांक ओळीने लावते आणि मागणीनुसार एकेक संचय देते. यात स्मृती वाचते, काळ वाचत नाही. म्हणून संख्या आधी मोजावी, निरर्थक शाखा आरंभीच छाटाव्या आणि मगच मांडणीस हात घालावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.