कंपवात आणि कुळाचे भय

घरातील वडीलधाऱ्यांचा हात कापू लागला की, रोग कुळात उतरेल या धास्तीने मुलांची सोयरीक अडते. म्हणून कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा रोग, याविषयी आज थोडे लिहितो.

दक्षिण इटलीतील कोन्तुर्सी गावच्या एका घराण्यात हा रोग पिढ्यान् पिढ्या दिसे. त्यातील काही शाखा अमेरिकेत जाऊन वसल्या होत्या. त्यांच्या तपासणीतून १९९७ साली संशोधकांना एका जनुकातील दोष सापडला. हा दोष आई वा बाप यांपैकी एकात असला, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. परंतु अशी घराणी फारच विरळा. बहुतेक रोग्यांच्या नात्यात दुसरा रोगी आढळत नाही. तेव्हा आजोबांच्या कंपावरून नातीचे लग्न मोडणे हा निव्वळ अन्याय होय.

शिवाय प्रत्येक कंप हा कंपवात नव्हे! पेला उचलताना हात थरथरतो, तो बहुधा निराळा विकार. कंपवाताचा हात मांडीवर स्वस्थ पडला असता कापतो, आणि आरंभ एकाच अंगास होतो. याहून महत्त्वाचे लक्षण मंदपणाचे: सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते, चेहरा निर्विकार दिसतो, हातपाय ताठरतात. कित्येकांना कंप मुळीच नसतो.

निदान निश्चित करणारी रक्ततपासणी नित्याच्या वापरात नाही. डॉक्टर रोग्यास चालवून, मूठ उघडमीट करावयास लावून पारख करतात. काही औषधांनीही असाच कंप येतो. म्हणून जाताना घरातील सर्व गोळ्या बरोबर न्याव्यात.